बाराच्या बाटल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, कदाचित म्हणूनच तुमच्यापुढं तोंड उघडतोय. पण उघडतोय म्हणजे सरळ सांगेन असं समजू नका. माझी सवय मला ठाऊक आहे. मी आधी लहान गुन्हे कबूल करतो. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस प्रामाणिक आहे — आणि मोठा गुन्हा त्यांच्या आडोशाला बसून राहतो. इथंही तसं व्हायला लागलं तर वाचणं सोडू नका. मी पोचेन तिथं.

मी हवेचा अभ्यास करायचो. पुण्यात एका संशोधन संस्थेत सगळी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. गाव परभणी जिल्ह्यातलं, मानवतच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. घर पाटलांच्या भावकीतलं, कालव्याखालची काळी जमीन, कशाची ददात नव्हती. बाहेर मला दिगंबरराव म्हणतात. गावात अजून दिगूच.

नव्वदनंतरची ती वर्षं. हवा तापतेय, वरचा ओझोनचा थर विरळ होतोय, अशी चर्चा आमच्यात जोरात होती. बहुतेक जण फ्रीजमधले आणि फवाऱ्याच्या डब्यांतले वायू मोजत होते. मला दुसरं सुचलं. शेतात युरिया टाकून वर पाणी दिलं की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. रंग नाही, सहसा कळेल असा वास नाही. खाली असेतो उष्णता धरून ठेवतो आणि फार वर गेला की ओझोन खातो. आपल्या काळ्या रानातून तो किती सुटतो? नीट मोजलेलं मला कुठं सापडेना. मी म्हटलं, आपण मोजू, आणि आपल्याच रानात मोजू. संस्थेनं मंजुरी दिली, जीप दिली. हाताखाली एक माणूस हवा होता. मी प्रल्हादला बोलावलं.

प्रल्हाद आणि मी मानवतच्या शाळेत एका वर्गात होतो. तो वस्तीतून निघायचा, मी गावातून, आणि पुढं फाट्यावर आम्ही एकत्र व्हायचो. त्याचे वडील छप्पन साली बौद्ध झालेले. घरात पुस्तकं होती, दोन वेळचं खाणं नेमानं नव्हतं. गणितात तो कायम माझ्या पुढं. परभणीला बीएस्सी झाला. मग या शाळेत चार महिने, त्या शाळेत सहा महिने, असा बदली मास्तर म्हणून फिरत राहिला. कायम कुठं लागला नाही. का लागला नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरज काय होती? मला ठाऊकच होतं.

काम असं होतं. जमिनीत ॲल्युमिनियमची चौकट रोवायची. तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी उपडी ठेवायची, कडेच्या खाचेत पाणी ओतायचं म्हणजे आतली हवा निसटत नाही. मग अर्ध्या तासात तीन वेळा सुईनं ती हवा ओढून काचेच्या लहान बाटल्यांत भरायची. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, संध्याकाळी सहा. बाटल्या पुण्याला न्यायच्या, तिथलं यंत्र सांगायचं कुठल्या बाटलीत किती वायू आहे. एक वेळ चुकली की तो दिवस फुकट. प्रल्हादनं दोन हंगामांत एकही वेळ चुकवली नाही. तापात फणफणत आला होता एकदा.

आम्ही दोघंच असलो की तो मला दिगू म्हणायचा. चार माणसांत 'सर'. हे आम्ही बसून ठरवलेलं नव्हतं. त्यानं ठरवलं, आणि मी चालू दिलं. माझ्या सोयीचं होतं ते.

त्या साली संक्रांतीच्या आठवडाभर आधी आमचे प्रमुख पुण्याहून काम बघायला आले. उशिरा पेरलेला गहू होता, पोटरीत आलेला. मी त्यांना बांधावर उभं करून आकडे सांगत होतो. आदल्याच महिन्यात मी ते दिल्लीतल्या एका सभेत वाचले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी सांगत होतो आणि प्रल्हाद वही घेऊन पुढं आला.

"दिगू, उंची चुकलीय."

पेट्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांची उंची एकदा मोजली आणि तीच सगळीकडं धरली. पण पाणी दिल्यावर चौकट काळ्या जमिनीत खाली बसते. कुठं दोन बोटं, कुठं चार. आत हवा कमी राहते आणि मी मात्र पूर्ण पेटीची धरत होतो. म्हणजे माझे सगळे आकडे फुगलेले होते. प्रल्हादनं रोज, प्रत्येक पेटीला, पट्टी लावून आतली उंची वहीत लिहिली होती. ती वही त्यानं प्रमुखांपुढं उघडून धरली. त्याच्या चेहऱ्यावर मला खाली पाडल्याचं काही नव्हतं. चूक वेळेवर सापडली, याचा आनंद होता फक्त. त्या आनंदात तो 'सर' म्हणायचं विसरला होता.

प्रमुखांनी पानं चाळली आणि हसले. "दिगंबरराव, उद्यापासून पेट्या तुम्ही उचला. संशोधन यांना करू द्या."

माझा चुलत भाऊ बाबाराव गव्हाला पाणी द्यायला, दारं धरायला आला होता, खोऱ्यावर हात टेकून तिथंच उभा होता. तो मोठ्यानं हसला. प्रमुख जीपकडं वळल्यावर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "दिगू म्हन्ला की रं तुला. पाव्हण्यादेखत."

मीही हसलो. प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली, शाबास म्हणालो. वही घरी नेली आणि सगळे आकडे पुन्हा मांडले. त्याचं बरोबर होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा सोळा वर्षं जुना होता. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा पेटला तेव्हा आमचं गाव कसंबसं वाचलं होतं. आता संक्रांतीच्या दिवशी नामविस्तार जाहीर झाला. वस्तीत साखर वाटली, निळे झेंडे लागले. गावातल्या पारावर माणसं गप्प बसून होती. त्यात गायरानाचा जुना राग होता. वस्तीतली काही घरं गायरान कसत होती आणि बाबारावाला ती जमीन सोडवून घ्यायची होती. वस्तीनं तहसीलदाराकडं अर्ज दिला. अर्ज प्रल्हादच्या अक्षरात होता आणि ते अक्षर अख्खा गाव ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी तीनच्या बाटल्या भरून झाल्यावर प्रल्हाद माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"दिगू, आजूबाजूची खबर बरी न्हाई. वस्तीतली माणसं परभणीला जायलीत. मी बी शांताला अन् करुणाला घेऊन जावं म्हणतो. दोन दिवस."

करुणा त्याची मुलगी, सात वर्षांची. शांता त्याची बायको. मी काय करायला हवं होतं? जीप होती माझ्याकडं. तिघांना बसवून परभणीला सोडून यायला तास-दीड तास लागला असता. पण पाणी आदल्या दिवशी दिलं होतं, युरिया पडला होता, आणि वायू जोरात सुटायचे ते दोनच दिवस असतात. मी म्हणालो, "त्या दोघींना पाठव. तू गेलास तर हंगाम गेला. आणि आपल्या रानात तुला कोण हात लावायलंय?"

त्यानं विश्वास ठेवला. बायको-मुलीला एसटीत बसवून तो सहाच्या बाटल्यांना परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मानवतला गेलो होतो, पुण्याला फोन करायला. रिकाम्या बाटल्या कमी पडत होत्या. बाजार बंद, एक फोनवाला दार अर्धं उघडून बसला होता. परत निघालो तेव्हा बारा वाजत आले असतील. फाट्यावरून वळलो आणि वस्तीवर धूर दिसला.

रस्ता वस्तीला लागूनच जातो. तुराट्यांच्या कुडाची घरं होती, ती कडकडा आवाज करत जळत होती. पत्रे तापून वाकडे होऊन खाली येत होते. जोंधळ्याची पोती रस्त्यावर ओतून त्यांच्यावर रॉकेल टाकलेलं. एक शेळी खुंट्याला बांधलेली तशीच जळाली होती, दोर जळून गेला होता आणि ती तिथंच पडली होती. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, आमच्या घरी बाळंतिणींना यायची, माझ्या वेळीही आलेली. ती रस्त्याच्या कडेला, आपल्या दारात बसली होती. डोकं फुटलेलं, रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि ती एका हातानं पेटलेली वाकळ घरातून ओढून काढत होती. तिनं जीपकडं पाहिलं. मी गाडी थांबवली नाही. हाही एक लहान गुन्हा धरा.

पुढं ओढ्यापाशी जमाव होता. तीस-चाळीस माणसं, दोन ट्रॅक्टर. काही बाहेरगावची, पण निम्म्यांना मी नावानं ओळखत होतो. कुऱ्हाडी, गज, बैल हाकायच्या अणकुचीदार तुताऱ्या, काठ्या. हातांना रॉकेलचा वास. बाबाराव पुढं आला. सदऱ्याची बाही जळाली होती त्याची. कुऱ्हाड खांद्यावर होती. त्यानं जीपच्या टपावर हात ठेवला आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

"मास्तर घरी न्हाई. बायको-पोरीसंगं पळाला का? कुठं हाय?"

पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागलेत. इथपर्यंत आलो की उठायचो, पाणी प्यायचो, खिडकीत उभा राहायचो.

मला कुणी धमकावलं नाही. काठी उगारली नाही. मी पाटलांच्या घरातला, शिकलेला, सरकारी जीपमधला माणूस. मला कुणीच हात लावणार नव्हतं. 'परभणीला गेला' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. बायको-मुलगी गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. त्यांनी मान हलवली असती आणि मला वाट दिली असती.

मी म्हणालो, "रानात हाय. चारीच्या कडंला. बाराच्या बाटल्या भरायलाय, अर्धा तास तरी हलणार न्हाई तो."

नुसतं कुठं आहे ते नाही. किती वेळ असेल तेही. कुणी विचारलं नव्हतं ते.

बाबारावानं टपावर दोनदा थाप मारली, आपण ट्रकला मारतो तशी, आणि ट्रॅक्टर वळले.

ते पुढं गेले. मी मागून निघालो. चारी म्हणजे कालव्याची लहान फाटी. तिच्या कडेनं आमच्या रानाची वाट जाते आणि रान लागायच्या आधी एक वळण आहे. वळणापर्यंत मी त्यांच्या मागं होतो. रानात पोचलो तेव्हा ट्रॅक्टर पलीकडच्या बांधावरून निघून चालले होते. मधला वेळ — तो मी शेवटी सांगतो.

त्यांनी त्याला तिसऱ्या चौकटीपाशीच धरलं होतं. नंतर त्यानंच मला सांगितलं, ट्रॅक्टरची धूळ लांबून दिसली होती. पळून उसात शिरता आलं असतं. पण शेवटची सुई राहिली होती. ती भरली, बाटलीचं बूच दाबलं, बाटली खोक्यात ठेवली, आणि मान वर केली तर ते आले होते. आपल्या रानात कोण हात लावणार, असं मी म्हणालो होतो ना त्याला.

गव्हात मोठं वर्तुळ पडलं होतं, बैल मळणीला फिरवावेत तसं. आधी गजांनी पाय मोडले. मग कुणीतरी म्हणालं की हा हवा भरतो ना, ह्यालाच भरा. उपडी ठेवायची पेटी त्यांनी त्याच्या डोक्यावर घातली आणि वरून काठ्या घातल्या. प्लॅस्टिक फुटलं. एक कपचा डाव्या डोळ्यात गेला. मग उजवा हात चारीच्या दगडी मोरीवर धरला. अर्ज लिहिणारा हात. कुऱ्हाड पात्याकडून नाही मारली. तुंब्यानं मारली, मागच्या बोथट बाजूनं. पुन्हा पुन्हा. मी पोचलो तेव्हा मोरीवरच्या त्या हातात बोटं कुठली आणि तळवा कुठला हे सांगता येत नव्हतं. चारीच्या पाण्यात लाल दोरा लांबत चालला होता. पलीकडच्या गव्हाला पाणी चालू होतं. दार कुणी बंद केलं नव्हतं.

तो शुद्धीवर होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं मला ओळखलं.

मी त्याला उचललं. खरंच उचललं, एकट्यानं. जीपच्या मागच्या बाकावर ठेवलं, धोतराच्या पानानं हात बांधला. धोतर कुणाचं होतं? कुणाचं तरी चारीवर वाळत घातलेलं. परभणीपर्यंत मी गाडी कशी मारली ते मला आठवत नाही. त्याचं कण्हणं आठवतं, खड्ड्याखड्ड्याला बदलणारं. परभणीच्या अलीकडं तो बोलला.

"बाराच्या भरल्यात. तीनच्या राहिल्या."

थोड्या वेळानं म्हणाला, "तू आलास म्हणून, दिगू. न्हाईतर मेलोच असतो."

मी आरशात पाहिलं नाही.

तो जगला. हात मनगटाच्या वर कापावा लागला, डोळा गेला, एक पाय कायमचा लंगडा झाला. शांता दवाखान्याच्या दारात माझ्या पायांवर पडली. मी तिला उठवलं. करुणा भिंतीला चिकटून उभी होती, बापाकडं बघायला तयार नव्हती. मी तिला बाहेर नेऊन बिस्किटाचा पुडा घेऊन दिला.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी म्हणालो, सकाळभर मानवतला होतो. परत आलो तेव्हा प्रल्हाद रानात पडलेला दिसला. वाटेत कुणी भेटलं नाही. गयाबाई? नाही, तिलाही पाहिलं नाही. वस्तीतल्या लोकांनी नावं दिली, प्रल्हादनं बाबारावाचं नाव दिलं. बाबारावाच्या वकिलानं कोर्टात विचारलं, पेटी डोक्यावर, डोळ्यात रक्त, तुम्ही ओळखलं कसं? रानाकडं निघालेल्या, कुऱ्हाड घेतलेल्या बाबारावाला दोन्ही शाबूत डोळ्यांनी हातभर अंतरावरून पाहिलेला एकच साक्षीदार होता, तोही भावकीतला. तो पुण्यात होता. सगळे सुटले.

आता कामाचं सांगतो, कारण त्यातही आहे. त्या दिवसाच्या तीनच्या आणि सहाच्या बाटल्या भरल्याच गेल्या नव्हत्या. नेमका वायू सर्वांत जास्त सुटायचा दिवस. मी पुण्यात टेबलाशी बसलो आणि आदल्या दिवसाकडं बघून ते आकडे मनानं लिहिले. पेटीची उंची प्रल्हादच्या वहीतली घेतली. निबंध बाहेरच्या देशातल्या मासिकात छापून आला. माझं नाव, प्रमुखांचं नाव. शेवटी आभाराच्या ओळीत 'क्षेत्रावरील मदतीबद्दल' म्हणून प्रल्हाद. उंचीची दुरुस्ती ही त्या निबंधातली सगळ्यांत नावाजलेली गोष्ट ठरली. पुढं मला बढती मिळाली, परदेशी बोलावणी आली. ठिकठिकाणी मी ती दुरुस्ती फळ्यावर काढून समजावून सांगितली. कुणी विचारलं, हे सुचलं कसं, तर म्हणायचो — रानात बसल्यावर सुचतं.

पाहिलंत? पुन्हा लहान गुन्हे मोजत बसलो.

प्रल्हाद परभणीत राहायला आला. दोन खोल्या घेतल्या आणि गणिताची शिकवणी सुरू केली. डाव्या हातानं लिहायला शिकला. वर्ष लागलं त्याला, पण अक्षर पुन्हा तसंच झालं, सरळ आणि टपोरं. दर दिवाळीला मी गावी जाताना त्याच्याकडं थांबायचो. का थांबायचो? न थांबता आलं नाही म्हणून. दारातून शिकवणीच्या मुलांना तो ओरडून सांगायचा, "उठा रे, हे बघा कोण आलंय. ह्यानं मला उचलून आणलं." मुलं उठून उभी राहायची. शांता चहा करायची, सोबत मला आवडतात म्हणून शेंगदाण्याचे लाडू. दरवर्षी. तिनं माझ्यासाठी ते करून ठेवलेले असायचे.

गावात बाबारावाकडंही जायचो. भावकी आहे, जावं लागतं असं म्हणायचो. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही, एकदाच सोडून. त्याच्या पुतण्याच्या लग्नात, पंगतीत, माझ्या पानात जिलबी वाढायला लावत तो म्हणाला, "तू बोल्लास म्हणून गावला, न्हाईतर आमी परत फिरायलो होतो." रागानं नाही, उपकार मानल्यासारखं. मी जिलबी खाल्ली.

प्रल्हाद दोन वर्षांपूर्वी गेला. हृदयाचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. करुणा आता एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. शोकसभेत तिनं मला बोलायला लावलं. मी बोललो. त्याची वही, त्याची शिस्त, तापात येणं. आणि जीप किती वेगानं चालवली तेही. माणसं रडली. सभा संपल्यावर एक उंच, दाढीवाला गृहस्थ माझा हात धरून म्हणाला, मी त्यांचा विद्यार्थी, सर तुमच्याबद्दल सांगायचे. नंतर करुणानं फोन केला की आम्ही बाबांच्या आठवणींचं लहानसं पुस्तक काढतोय, काका, त्या दिवसाबद्दल तुम्हीच लिहा, तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी लिहिलं. चार पानं. ते छापलं आहे, माझ्याकडं त्याच्या दोन प्रती आहेत. त्यात मी धूर पाहिला आणि गाडी तशीच रानाकडं पिटाळली, असं आहे.

मी गाडी पिटाळली नव्हती. चारीच्या वळणावर थांबवली होती. इंजिन चालू ठेवलं होतं. रान तिथून दिसत नाही, मध्ये ऊस होता. पण ऐकू येतं. आधी त्याचा बोलण्याचा आवाज आला — समजावून सांगतोय असा, वर्गात बोलावं तसा. मग बाबारावाचा. मग गजांचा. मग प्रल्हाद ओरडला. त्यात माझं नाव होतं. सर नाही. दिगू. तो मला हाक मारत होता, कारण मी त्या वाटेनं परतणार हे त्याला ठाऊक होतं.

आणि मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो. ओढ्यापाशी जे बोललो ते भीतीनं बोललो, वळणावर थांबलो ते भीतीनं थांबलो. भेकडपणा कबूल करणं तितकंसं जड नसतं. भेकड कोण नसतं? पण ते खरं नाही. ओढ्यापाशी बाबारावानं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं वही होती, प्रमुखांपुढं उघडून धरलेली. प्रमुखांचं हसणं होतं. मला वाटलं, कळू दे त्याला. चार फटके बसतील असं वाटलं होतं का? असेल. हात तुटेल असं वाटलं नव्हतं. पण कुऱ्हाडी मी पाहिल्या होत्या. मोजताही आल्या असत्या.

वळणावर स्टिअरिंग धरून बसलो असताना त्याची पहिली किंकाळी आली, माझ्या नावानं. मला बरं वाटलं. फार वेळ नाही, तिसऱ्या-चौथ्या हाकेपर्यंत. तेवढा वेळ मला बरं वाटत होतं.